दादाचा आकडा २१०, माझा ९६; म्हणजे मी वाचले का?

पत्र

डॉक्टर, सा. न. वि. वि.

मी ३८ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. गेल्या महिन्यात माझ्या दादाला हार्ट अटॅक आला. वय ४३. माळकरी आहे, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही, दरवर्षी वारीला चालत जातो. रात्री छातीत जळजळतंय म्हणून सोडा-लिंबू घेऊन पडून राहिला, पहाटे दवाखान्यात नेला. एक स्टेंट टाकावा लागला. आमचे वडील ४९व्या वर्षी झोपेतच गेले, थोरले काका ४६व्या वर्षी शेतात कोसळले. 'या घराण्यात पुरुष पन्नाशी बघत नाहीत' असं गावात बोलतात. वडील गेल्यावर आम्ही त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळीसुद्धा करून आलो होतो.

आता डॉक्टरांनी दादाची 'लिपोप्रोटीन ए' नावाची तपासणी केली, ती २१० आली. 'हे आनुवंशिक असतं, भावंडांनीही करून घ्या' म्हणाले. मी केली, माझी ९६ आली. निम्म्याहून कमी म्हणून हायसं वाटलं, पण रिपोर्टवर तो आकडा ठळक छापलाय. एलडीएल १४२ आहे. बीपी, शुगर नॉर्मल. नेटवर वाचलं की कोलेस्टेरॉल उतरवायच्या स्टॅटिनच्या गोळीने हा लिपोप्रोटीन वाढतो, मग दादाची ती गोळी बंद करावी का? मी दोन आठवड्यांपासून त्याच्या पाकिटातली ॲस्पिरिनची एक गोळी रोज घेतेय. शेजारी अर्जुनसालीचा काढा सुचवतात. मुलगी ११ वर्षांची आहे, तिचीही तपासणी करू का? सासूबाई म्हणतात, 'हे तुमच्या माहेरचं.' आणि आई दिवसभर एकच घोकत असते, 'मीच त्याच्या डब्यात तूप वाढत राहिले.' दोन्ही रिपोर्टांचे फोटो सोबत जोडले आहेत.

– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर

ताई,

ते दोन फोटो पुन्हा उघडा आणि आकड्याच्या उजवीकडे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघा. दादाच्या रिपोर्टवर 'नॅनोमोल प्रति लिटर' आहे. तुमच्या रिपोर्टवर 'मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर' आहे. एका लॅबने आंबे डझनावर मोजलेत, दुसरीने किलोवर तोललेत. आणि आंबा लहान-मोठा असतो, त्यामुळे डझनाचे किलो करायचा नेमका हिशेबही नसतो. ढोबळ अंदाजाने तुमचे ९६ मिलिग्रॅम म्हणजे दोनशे-सव्वादोनशे नॅनोमोल होतात. म्हणजे तुम्ही आणि दादा एकाच पंगतीत आहात. धोक्याची रेष मिलिग्रॅमच्या मापात ५० ला, नॅनोमोलच्या मापात १२५ ला धरतात. तुम्ही दोघंही तिच्या बरेच वर आहात.

पहिल्याच परिच्छेदात तुमचं हायसं वाटणं हिरावून घेतलं याचं वाईट वाटतंय. पण पत्रातल्या सगळ्यांत मोठ्या चुकीपासून सुरुवात केलेली बरी. ही चूक तुमची नाही. एकाच तपासणीसाठी दोन मापं वापरात आहेत आणि चिठ्ठी देताना आम्ही डॉक्टर ते सांगायला विसरतो.

आता हा कण काय आहे ते सांगतो, कारण बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत. रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एलडीएलचा कण तुम्हाला ठाऊक आहे, त्यालाच लोक 'वाईट कोलेस्टेरॉल' म्हणतात. लिपोप्रोटीन ए म्हणजे तसाच कण, पण त्याला एका जादा प्रथिनाची शेपटी जोडलेली असते. ही शेपटी वेटोळ्यांची असते. स्कँडिनेव्हियात 'क्रिंगल' नावाचा पिळाचा गोड पाव मिळतो, त्याच्यासारखी दिसतात म्हणून या वेटोळ्यांना शास्त्रज्ञांनी क्रिंगल म्हटलं. नाव आपल्याकडे ठेवलं असतं तर कडबोळी ठेवलं असतं. कुणाच्या शेपटीत ही कडबोळी दहा-बारा असतात, कुणाच्या चाळीस-पन्नास. शेपटी जितकी आखूड, तितका तो कण यकृताला बनवायला सोपा आणि म्हणून रक्तात तितका जास्त. शेपटी किती लांब असावी हे सहाव्या गुणसूत्रावरचं एक जनुक ठरवतं. त्याची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून, आणि दोन्ही प्रती आपापलं काम करत राहतात.

हा आकडा वयाच्या पाचव्या वर्षाच्या आसपास ठरतो आणि पुढे फारसा हलत नाही. भाकरी खा, पोळी खा, धावा, पोहा, उपास करा, तो ढिम्म राहतो. मूत्रपिंडाचा आजार, थायरॉइड मंदावणं, पाळी जाण्याचा काळ अशा थोड्या कारणांनी तो सरकतो, तेवढाच.

म्हणून आता आईकडे जा. मला या पत्रात सगळ्यांत जास्त तिचंच वाक्य लागलं. तिला सांगा की दादाचा २१० हा आकडा तिने त्याच्या डब्यात वाढलेला नाही. तो शाळेत जायला लागला तेव्हाच हा आकडा त्याच्या रक्तात होता आणि कोरडी भाकरी खाल्ली असती तरी तेवढाच राहिला असता. तुपाला मी सरसकट माफी देत नाही. तूप एलडीएल वाढवतं आणि दादाला आता ते चमचा मोजूनच घ्यावं लागेल. पण ही आजची गोष्ट झाली, त्यासाठी मागच्या चाळीस वर्षांचं खापर तिच्या डोक्यावर नको. ते आखूड शेपटीचं जनुक वडिलांकडून आलं असावं असं काका-वडिलांच्या वयांवरून वाटतं, पण आता ते तपासायची सोय नाही. आईची स्वतःची तपासणी करायची असेल तर तिच्या तब्येतीसाठी करा, आरोपी शोधायला नको.

माळकरी, निर्व्यसनी, चालता-फिरता माणूस कोसळला याचा धक्का गावाला बसणारच. अमेरिकेत बॉब हार्पर नावाचे प्रसिद्ध फिटनेस ट्रेनर आहेत. टीव्हीवर इतरांचं वजन उतरवून द्यायचे. २०१७ साली, ५१ व्या वर्षी, जिममध्येच त्यांना जबर हार्ट अटॅक आला. नंतर कळलं की त्यांचा लिपोप्रोटीन ए जास्त होता. मात्र दादाचं निर्व्यसनी राहणं वाया गेलं असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. तंबाखू असती तर हाच प्रसंग कदाचित तिशीतच आला असता.

'हे आधी का नाही कळलं' असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण ते ओळींमधून दिसतं. हा कण १९६३ साली नॉर्वेच्या कॉरे बर्ग यांनी शोधला. सशांना माणसाच्या रक्तातला एलडीएल टोचून त्यांच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिद्रव्यांवरून त्यांना हा नवा प्रकार सापडला. पण पुढे कित्येक वर्षं तो नुसता चोरीच्या जागी दिसणारा बघ्या आहे की खरा चोर, हेच ठरत नव्हतं. २००९ च्या सुमाराला कोपनहेगनच्या संशोधकांनी जनुकांवरून ते दाखवलं. ज्यांना जन्मतः जास्त आकड्याचं जनुक मिळालं त्यांच्यात हार्ट अटॅकही जास्त होते. जनुक काही कुणाच्या खाण्या-पिण्यावर वाटलं जात नाही, त्यामुळे दोष कणाचाच हे मान्य करावं लागलं. एवढं होऊनही ही तपासणी साध्या लिपिड प्रोफाइलमध्ये नसते, वेगळी मागावी लागते. आकडा उतरवायला औषध नाही, मग तो मोजून करायचं काय, असं मीही बरीच वर्षं म्हणत होतो. आता म्हणत नाही. युरोपातल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ पासून आणि आपल्याकडच्या कार्डिओलॉजिकल सोसायटीने २०२४ च्या मार्गदर्शिकेत, प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी ही तपासणी करावी असं सांगितलंय. आपल्याकडे चारातल्या एकाचा आकडा धोक्याच्या रेषेच्या वर असतो, असा अंदाज आहे. दक्षिण आशियाई लोकांत ५० मिलिग्रॅमच्या वर गेलेल्यांना हार्ट अटॅकची शक्यता साधारण दुप्पट दिसलीय.

दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट, हे विचारायला मात्र विसरू नका. ३८ वर्षांच्या, बीपी-शुगर नॉर्मल असलेल्या बाईची मूळ शक्यता लहान असते. तिची दुप्पटही फार मोठी होत नाही. पण वय वाढतं, पाळी जाते, वजन चढतं, तसतशी मूळ रक्कम वाढते, आणि दुप्पट त्या वाढलेल्या रकमेची होते. तुमच्या हातात आज जो वेळ आहे तो दादाला मिळाला नाही.

आणखी एक. 'पुरुष पन्नाशी बघत नाहीत' असं गाव म्हणतं, पण तुमच्या आत्यांचं काय झालं ते पत्रात नाही. सहावं गुणसूत्र बाईत आणि पुरुषात सारखंच असतं. बायकांना हा त्रास साधारण दहा वर्षं उशिरा होतो. आणि साठीतली बाई दम लागून गेली तर 'तिला दमाच होता', 'वय झालंच होतं' असं म्हणून ते मरण घराण्याच्या हिशेबात धरलंच जात नाही. या कणामुळे हृदयातल्या महाधमनीच्या झडपेवर कॅल्शियमही साचतं आणि झडप कडक होते. तेव्हा चढावर धाप लागते. कोणत्या आत्याला काय झालं होतं, ते आईला विचारून एका कागदावर लिहून काढा. तो कागद डॉक्टरांना रिपोर्टांइतकाच उपयोगी पडेल.

आता दादाची स्टॅटिन. नेटवर वाचलंत ते खोटं नाही, अर्धं आहे. स्टॅटिनने काहींचा लिपोप्रोटीन ए किंचित वाढतो. पण त्याच गोळीने एलडीएल निम्म्यापर्यंत उतरतं, आणि स्टेंट पडलेल्या माणसाला खरा आधार त्याचाच आहे. दादाचा कार्डिओलॉजिस्ट त्याचं एलडीएल ५५ च्या खाली आणायला बघत असेल. गोळी पुरली नाही तर सोबत इझेटिमाइब ही एलडीएल उतरवणारी दुसरी गोळी देईल, किंवा त्याच कामाचं पीसीएसके-नाइन गटातलं इंजेक्शन सुचवेल. ते महाग असतं, पण त्याने लिपोप्रोटीन एसुद्धा साधारण पाव हिश्शाने उतरतो. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या एक दिवसही चुकता कामा नयेत. ताजा स्टेंट गुठळीने बंद पडला तर ती वेळ पहिल्या अटॅकहून वाईट असते. यात नेटवरचा कुणी आणि काढा सुचवणारे शेजारी आले तर दार लावून घ्या. अर्जुनसालीने हा आकडा उतरलेला मी पाहिलेला नाही. दादा काढा आधीपासून घेत असेल तर ते त्याच्या डॉक्टरांच्या कानावर घाला, लपवू नका.

आकडाच उतरवणारं औषध हवं, असं कुणालाही वाटेल. त्याची एक जुनी गोष्ट आहे. नायसिन नावाचं जीवनसत्त्व मोठ्या डोसात दिलं की लिपोप्रोटीन ए पाव-एक हिश्शाने खाली येतो. आम्ही ते उत्साहाने लिहूनही देत होतो. मग २०१४ साली पंचवीस हजारांवर पेशंटांची मोठी चाचणी आली. आकडे सुधारले होते, हार्ट अटॅक मात्र कमी झाले नव्हते, आणि दुष्परिणाम वाढले होते. त्यामुळे नव्या औषधांबद्दल ऐकताना मी हुरळत नाही. पेलाकार्सेन, ओल्पासिरान अशा इंजेक्शनांनी यकृतातल्या त्या जनुकाचा निरोपच मध्ये अडवला जातो आणि आकडा ८० टक्के, काहींत त्याहूनही जास्त उतरतो. हे खरोखर थक्क करणारं आहे. पण आकड्याबरोबर अटॅकही उतरतात का, हे हजारो पेशंटांच्या चाचण्यांनीच ठरतं. औषध आलं तर तुमचे डॉक्टरच सांगतील. त्याची वाट बघत बाकीचं थांबवू नका.

बाकीचं म्हणजे तुमचं एलडीएल १४२. तुम्ही ते एका ओळीत उरकलंत आणि लॅबनेही 'थोडं जास्त' एवढंच छापलंय. पण ते छापील रकाने सगळ्या जनतेसाठी असतात. ज्या बाईचा लिपोप्रोटीन ए ९६ आहे, वडील ४९ ला गेलेत, भावाला ४३ ला अटॅक आलाय, तिच्यासाठी १४२ थोडं नाही. तुम्ही माझ्या टेबलापलीकडे असतात तर मी ते १०० च्या खाली, जमल्यास ७० च्या जवळ आणायचं ठरवलं असतं. आधी तीन महिने खाणं आणि चालणं, तेवढ्याने भागलं नाही तर लहान डोसात स्टॅटिन. त्याआधी तुम्हाला एक प्रश्न विचारला असता: अजून मूल हवंय का? गर्भारपणाचा विचार असेल तर ही गोळी सुरू करत नाहीत. तुमच्या डॉक्टरांनाही तो प्रश्न विचारायला लावा. सोबत थायरॉइड, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, तीन महिन्यांची सरासरी शुगर, ईसीजी आणि एकदा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेलं कॅल्शियम मोजणारा 'कॅल्शियम स्कोअर'चा सीटी स्कॅन आत्ता नको. ३८ व्या वर्षी तो बहुधा शून्य येतो आणि तो दिलासा फसवा असतो.

हे सगळं करून उपयोग काय, आकडा तर ९६ च राहणार, असं मनात येईल. इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झालाय. त्यात लिपोप्रोटीन ए जास्त असलेल्यांपैकी ज्यांचं वजन, चालणं, खाणं, धूम्रपान न करणं, बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल ताब्यात होतं, त्यांची जोखीम हे सगळं बिघडलेल्यांच्या मानाने जवळजवळ एक तृतीयांशच होती. या लोकांचा कणही तेवढाच होता. म्हणून ९६ हा आकडा डायरीच्या पहिल्या पानावर रक्तगटासारखा लिहून ठेवा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासायला जाऊ नका. पन्नाशीला, पाळी गेल्यावर, एकदा करा. मधल्या काळात बघायचंय ते एलडीएल आणि बीपीकडे.

मुलीकडे तुमची ती आखूड शेपटीची प्रत जाण्याची शक्यता निम्मी आहे. तपासणी वयाच्या पाचव्या वर्षानंतर कधीही करता येते, एकदाच पुरते, उपाशीपोटी जायला लागत नाही. घाई नाही. आकडा जास्त निघाला तरी ११ व्या वर्षी त्यासाठी औषध देत नाहीत. घर जरा सावरू द्या, मग एखाद्या सुट्टीत तिचं लिपिड प्रोफाइल आणि हे, दोन्ही एका सुईत उरका. ती ताप-सर्दीने आजारी असताना मात्र नको. आणि काही निघालंच तर तिच्यासमोर 'आजोबांसारखं' हा शब्द काढू नका.

चुलत भावंडांना फोन करताना एक काळजी घ्या. तपासणीचं नाव 'लिपोप्रोटीन ए' असं नीट लिहून पाठवा. 'अपोलिपोप्रोटीन ए-वन' ही वेगळी तपासणी आहे. माझा एक पेशंट ती करून आला, १४५ आकडा पाहून चार रात्री झोपला नव्हता. त्या तपासणीत आकडा जास्त असणं चांगलं समजतात. आणि माप कोणतं, ते प्रत्येकाला कळवायला सांगा, नाहीतर तुमचा गोंधळ सगळ्या भावकीत होईल.

सासूबाई शास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहेत, हे माहेरचंच आहे. त्या पुन्हा म्हणाल्या तर होय म्हणा आणि यजमानांचीही तपासणी करून घ्या. चारात एक म्हणजे कुठलंही घर सुटलेलं नाही, आणि मुलीला दुसरी प्रत तिकडून आलीय.

दादाला तेवढं निक्षून सांगा: पुन्हा छातीत, जबड्यात, पाठीत दाटल्यासारखं झालं, घाम फुटला, तर सोडा-लिंबू नाही, पहाटेची वाटही नाही, थेट १०८. हे तुम्हालाही लागू आहे. बायकांत तर नुसती धाप किंवा मळमळच होऊ शकते. वारीचं यंदा कार्डिओलॉजिस्ट ठरवतील. तोवर त्याने रोज मोजून चालायला हरकत नाही, त्यांनी सांगितलं तेवढंच.

राहता राहिली तुमची ॲस्पिरिन. हृदयविकार झालेल्या माणसाला ती लागतेच. न झालेल्याला ती मनाने सुरू करायची नसते, पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि कुणाला फायदा तोट्याहून जास्त हे प्रत्येकाचं वेगळं पाहावं लागतं. आज थांबवा, डॉक्टरांना भेटाल तेव्हा विषय काढा. आणि आज संध्याकाळीच मेडिकलमधून नवं पाकीट आणून दादाच्या डब्यात ठेवा. तुम्ही चौदा गोळ्या घेतल्यात, त्याचा महिना पुरणार नाही.